वरच्या खोलीतून टीव्हीपर्यंत

बाबांना लकवा मारला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात. उजव्या हातात पेपर होता, म्हणून चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला आणि तो निसटून फरशीवर फुटला. बाबा त्या तुकड्यांकडे बघत बसले. मी धावत आले तेव्हा म्हणाले, "मी तं धरला होता वं." तासाभरात दवाखान्यात पोचलो, त्यामुळे बोलणं वाचलं. पायही दीड महिन्यात काठीच्या आधाराने चालू लागला. मागे राहिला तो डावा हात.

बाबा वीज खात्यात वायरमन होते. उभी नोकरी वायरींत आणि मीटरच्या पेट्यांत गेली. निवृत्त झाल्यावरही आमच्या ले-आउटमधल्या वस्तीत कोणाचा पंखा फिरेनासा झाला, की लोक आधी बाबांना हाक मारत. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला त्यांची खाकी पिशवी टांगलेली असे. पकड, टेस्टर, दोन पेचकस, चिकटपट्टी, छोटा हातोडा. अशा माणसाचा हात बसला, म्हणजे घरात सगळ्यांनाच कळत होतं की नुसता हात बसलेला नाही.

घरात आम्ही तिघंच. नवरा बदलीमुळे चंद्रपूरला, महिन्यातून दोनदा येतो. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात कारकून आहे, आणि माझी लेक इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि बाबांची खोली. वर मी आणि लेक.

हाताचा व्यायाम शिकवायला एक ताई आठवड्यातून तीनदा घरी येत. त्यांनी एक रबरी चेंडू दिला आणि कपडे वाळत घालायचे दहा चिमटे. चेंडू दाबायचा, चिमटे वाटीच्या काठाला लावायचे आणि काढायचे. बाबांनी चार दिवस केलं. पाचव्या दिवशी चेंडू पलंगाखाली गेलेला दिसला.

"काका, चेंडू कुठे आहे?" ताईंनी विचारलं.

"ताई, लहान पोट्ट्यायचा खेळ आहे तो. माह्यानं होत नाही."

"होत नाही की करायचा नाही?"

"करायचा नाही," बाबा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

त्या संध्याकाळी माझ्या लेकीने तोड काढली. तिच्या खोलीत तिने स्वतः भाग जोडून उभा केलेला कॉम्प्युटर आहे. त्यावर ती अभ्यास करते, आणि अभ्यासापेक्षा जास्त गेम खेळते. खाली मला छतातून त्याचा धडाधड आवाज येतो. ती म्हणाली, "आबा, चेंडू सोडा. तुम्ही गेम खेळा. डाव्या अंगठ्याचा गेम देते."

"मी जिना चढून तुह्या खोलीत येऊ?"

"यायची गरज नाही. कॉम्प्युटर वर राहील, चित्र खाली टीव्हीवर येईल. वाय-फायने. वायर नाही, काही नाही."

"हवेतून?"

"हवेतून."

बाबांचा चेहरा पडला. हवेतून येणाऱ्या गोष्टींवर त्यांचा राग होता, आणि त्याला कारण होतं. आमच्या विहारातलं माईक आणि भोंग्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. मधे एकदा मंडळाच्या तरुणांनी हौसेने बिनवायरचा माईक आणला. पौर्णिमेला भन्तेजी बोलायला उभे राहिले, सगळे शांत बसले, आणि आमच्या भोंग्यातून मागच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाचा माणूस म्हणाला, "नवरदेवाकडच्या मंडळींनी पंगतीला बसून घ्यावे." भन्तेजींसकट सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे बाबा. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना वायरवाला माईक परत जोडला आणि नवा डब्यात घालून डबा कपाटावर ठेवून दिला.

तरी नातीपुढे ते हरले. लेकीने टीव्हीत काहीतरी उतरवून घेतलं, वरचा कॉम्प्युटर चालू केला आणि कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. गेम अगदी साधा होता. वर रंगीत विटांच्या रांगा, खाली एक फळी, मधे उडणारा चेंडू. डाव्या अंगठ्याने खुंटी हलवली की फळी डावी-उजवीकडे सरकायची. चेंडू फळीवर झेलायचा म्हणजे तो वर जाऊन विटा फोडतो. झेल चुकला की गेला.

पहिल्या दिवशी बाबांचा अंगठा खुंटीवर ठरतच नव्हता. पण पंधरा दिवसांत त्यांना त्याचा नाद लागला. सकाळचं वरण-भात कुकरला लावेपर्यंत मला हॉलमधून ऐकू यायचं, "अबे, इकडे ये न! इकडे!" हे चेंडूला असायचं. जानेवारीत त्यांनी पहिल्यांदा विटांची अख्खी भिंत फोडली आणि ताईंना फोन करून सांगितलं. ताई म्हणाल्या, "काका, रबरी चेंडूपेक्षा हे बरं. चालू ठेवा."

मग मार्च संपता संपता आम्ही कूलर काढला. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघरी तेच चालतं. टाकी धुतली, वाळ्याच्या नवीन ताट्या बसवल्या, आणि पत्र्याचं ते धूड नेहमीप्रमाणे हॉलच्या खिडकीशी उभं केलं. त्याच खिडकीशेजारच्या फळीवर वाय-फायचा डबा होता. तो आता कूलरच्या मागे गेला. त्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

त्यानंतर बाबांचे झेल चुकू लागले.

आधी दहात दोन, मग निम्मे. फळी चेंडूकडे निघायची खरी, पण ती पोचेपर्यंत चेंडू खाली गेलेला असायचा. बाबा पुन्हा खेळायचे, पुन्हा चुकायचे. एकदा त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डावा हात तोंडासमोर धरून बघत राहिले.

"काय झालं बाबा?"

"याले खबर उशिरा भेटून राहिली. आधी भेटत होती."

"थकला असाल. हळूहळू होईल."

"हळूहळू होत नाही आहे. हळूहळू जाऊन राहिलं."

मी त्यांना समजावलं. डॉक्टर म्हणाले होतेच ना, मधे थोडं मागे-पुढे होतं. धीर धरायचा. तीन आठवडे मी हेच सांगत होते, आणि मनातून मलाही वाटत होतं की हात पुन्हा जायला लागला आहे. ताईंनाही बाबांनी काही सांगितलं नाही. त्या आल्या की निमूटपणे चिमटे लावायचे, आणि त्या गेल्या की काहीच करायचे नाहीत.

एका शनिवारी मी बाजारातून परतले तर दारात बाबांचे जुने सोबती उभे. हे काका लाइनमन होते. बाबा घरातलं वायरिंग बघत आणि काका खांब. एका सायकलवर दोघांनी अर्धं शहर पालथं घातलेलं. आता ते काटोलला राहतात आणि एसटीने भेटायला येतात. त्यांच्या खांद्याला बाबांची खाकी पिशवी होती. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "त्यानं देल्ली, बेटा. मी नाहीच म्हणत होतो. ऐकत नाही तो."

आत बाबा टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसले होते.

"पिशवी काहून दिली?"

"मले काय कामाची? एका हातानं वायर सोलते का कोणी?"

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. दाराशी नुसता खिळा होता. पाणी प्यायले आणि भाजी निवडायला बसले, पण ती मेथी कशी निवडली माझी मला ठाऊक.

पुढचे आठ दिवस कंट्रोलर टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होता. रविवारी लेक नाहून खाली आली. तिला पिशवीचं कळलं होतं. तिने विषय काढला नाही, सरळ गेम लावला आणि म्हणाली, "आबा, चला. एक डाव."

"तूच खेळ. मी पाहतो."

"मी? हा लहान मुलांचा गेम आहे."

"मंग खेळ न."

ती बाबांच्या खुर्चीत बसली. आजवर तिने हा गेम खाली टीव्हीवर नुसता लावून दिला होता. स्वतः ती नेहमी वरच खेळायची. चेंडू सुटला. तिने अंगठा हलवला आणि चेंडू फळीच्या शेजारून खाली गेला. ती हसली. दुसरा चेंडू आला, तोही गेला. तिसऱ्याला ती हसायची थांबली.

"आई," तिने हाक मारली, "जरा इकडे ये. मीपण चुकतेय."

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "तुहा हात तं ठीक आहे ना वं?"

"माझा हात ठीक आहे, आबा. थांबा जरा."

तिने मला तिचा मोबाइल दिला. व्हिडिओ अशा रीतीने काढायला सांगितला की तिचा अंगठा आणि मागचा टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत यावेत, आणि सगळं अगदी संथ दिसावं. मी काढला. मग आम्ही तिघं सोफ्यावर डोकी जोडून बसलो आणि ती एकेक चित्र पुढे सरकवू लागली. अंगठा खुंटीवर होता. पुढच्या चित्रात खुंटी वाकली. फळी जागची हलली नव्हती. पुढचं चित्र, फळी तिथेच. त्याच्या पुढचं, तिथेच.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. "मागं घे. मी मोजतो." खुंटी वाकली तिथपासून त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली आणि सतराव्या चित्राला फळी हलली. बाबांनी लेकीकडे पाहिलं. "हे तुह्या हाताचं झालं. आता माह्यं काढ."

बाबा खेळले, मी व्हिडिओ काढला. चेंडू खाली यायला निघाला तेव्हाच बाबांचा अंगठा हलला होता. व्यवस्थित, वेळेवर, हव्या त्या दिशेला. फळी मात्र ढिम्म उभी होती, आणि मग चेंडू गेल्यावर झोपेतून उठल्यासारखी निघाली. बाबांनी स्वतःचा अंगठा पाच वेळा पाहिला. पाचव्यांदा पाहून झाल्यावर ते म्हणाले, "अंगठा टायमावर आहे."

"आहे," लेक म्हणाली.

"माह्या हातात उशीर नाही."

"नाही आबा. उशीर वाय-फायमध्ये आहे."

बाबांनी एक सणसणीत शिवी दिली. मी जन्मात त्यांच्या तोंडून ती ऐकली नव्हती. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. तीन आठवडे मी एका बऱ्या होत चाललेल्या हाताची समजूत घालत बसले होते.

तरी बाबांना पक्का पुरावा हवा होता. मी आणि लेक वर गेलो आणि दोघींनी मिळून कॉम्प्युटरची पेटी जिन्यावरून खाली आणली, ती दोन बाजूंनी धरून, पायरी-पायरीला थांबत. टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवली आणि दोन हात लांबीच्या वायरने सरळ टीव्हीला जोडली. कंट्रोलरही वायरवाला लावला. बाबा खेळायला बसले. चेंडू आला, फळी गेली, टप्. पुन्हा टप्. ते इतक्या आधीपासून अंगठा हलवायला शिकले होते, की सुरुवातीला फळीच चेंडूच्या पुढे पळायची. दहा मिनिटांत ते सावरले आणि अर्ध्या तासात भिंत फोडली.

लेकीने कारण शोधलं. वाय-फायच्या डब्यासमोर कूलरचा पत्रा, त्यात टीव्ही जुना. तिने डबा जिन्यातल्या कोनाड्यात हलवला, तेव्हा उशीर बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. ती म्हणाली, "अजून चांगला डबा आणला तर हवेतूनही नीट चालेल, आबा."

"वायर जाऊ शकते तिथं हवा कायले पाहिजे?"

आता कॉम्प्युटर खाली ठेवणं शक्य नव्हतं, तिची परीक्षा तोंडावर आली होती. म्हणजे वरच्या खोलीतून हॉलपर्यंत वायर आणायची. बाबांनी फोन उचलला.

"ये गा. पिशवी घेऊन ये."

पलीकडून काका काहीतरी म्हणाले.

"कोणती म्हणजे? माहीच पिशवी!"

काका दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हजर. लेकीने लांब वायर मागवून ठेवली होती. बाबांनी अंगणात खुर्ची टाकली, काठी आडवी मांडीवर घेतली आणि काम वाटून दिलं. वायर लेकीच्या खिडकीतून निघेल, बाहेरच्या भिंतीवरून खाली येईल आणि जुन्या डिशच्या वायरीच्या भोकातून हॉलमध्ये शिरेल. बाहेर उघडी ठेवायची नाही, पाइपातून न्यायची. "नागपूरचं ऊन आहे. प्लास्टिक खाऊन टाकते."

काका शिडीवर चढले. वायरीचं तोंड जाड, भोक लहान. ते मोठं केलं. पाइपात आधी वायर ओढायची लांब स्प्रिंग सोडली, तिला वायर बांधली आणि वरून ओढून घेतली. मधे चहा झाला, पोहे झाले. दुपारी एकच्या सुमाराला वायर इकडून तिकडे पोचली, पाइप भिंतीला घट्ट बसला. लेक कॉलेजमधून आली, वर गेली आणि लगेच खाली आली.

"आबा, उलटी आहे."

"काय उलटी आहे?"

"वायर. या लांब वायरीला एक तोंड कॉम्प्युटरचं असतं आणि एक टीव्हीचं. त्यावर लिहिलेलं आहे. टीव्हीचं तोंड वर गेलंय."

"वायरले कधी उलटं-सुलटं असते का वं? उभी जिंदगी वायर वढली मी!"

"मग लावून बघा."

लावून बघितलं. पडदा काळाच. काका शिडीवर बसून इतके हसले की मला खालून शिडी धरावी लागली. बाबांनी वायरीच्या तोंडावर लिहिलेलं बोट ठेवून वाचलं, नातीकडे बघितलं आणि म्हणाले, "काढ गा. पुन्हा टाक."

साडेतीनला वायर पुन्हा टाकून झाली, यावेळी सुलटी. टीव्हीमागच्या भिंतीवर तिला शेवटच्या दोन-तीन क्लिपा मारायच्या होत्या. काका बाहेर शिडीवर होते. बाबा उठले, काठी भिंतीला टेकवली आणि टीव्हीमागे वाकले. मी दारातून पाहत होते. डाव्या अंगठ्यात आणि बोटात त्यांनी क्लिप धरली, उजव्या हाताने हातोडा मारला. पहिली क्लिप पडली. दुसरी पडली. तिसरी धरून ते क्षणभर थांबले, मग दोन घाव घातले, आणि ती बसली. त्यांनी वायर ओढून पाहिली. मग मागे वळून न बघताच मला म्हणाले, "अजून एक क्लिप दे."

संध्याकाळी काका निघाले तेव्हा पिशवी खिळ्याला टांगून गेले. ती ठेवून जा असं कोणी म्हटलं नाही, की त्यांनीही विचारलं नाही.

आठवडाभर सगळं झकास चाललं, पण वरच्या कॉम्प्युटरपासून जिन्यावरून आणलेली कंट्रोलरची वायर हॉलभर आडवी पडायची. एका सकाळी बाबांची काठी तिच्यात अडकली आणि ते धाडकन सोफ्यावर बसले. लागलं नाही, पण लेक खूप चिडली. "आबा, चित्र वायरने येऊ द्या. हा हातातला तरी बिनवायरचा घ्या. तुम्ही पडलात तर काय करायचं?"

बाबांनी अट घातली: व्हिडिओ काढायचा. लेकीने ती वायर भिंतीच्या कडेने टीव्हीपर्यंत नेली, तिच्या टोकाला कंट्रोलरचा इशारा पकडणारं नखाएवढं यंत्र लावून ते टीव्हीजवळ चिकटवलं, आणि बिनवायरचा कंट्रोलर बाबांना दिला. मी मोबाइल धरला. पुन्हा तीन डोकी, पुन्हा मोजणी. वायरवाल्याचं आणि याचं मोजून पाहिलं, तर एका चित्राचा फरक. बाबांनी तीनदा तपासलं.

"पास," ते म्हणाले. "खुर्चीपासून टीव्हीपर्यंत हवा चालते. वरच्या मजल्यावरून नाही."

त्यानंतरच्या रविवारी विहारात त्यांनी कपाटावरचा माईकचा डबाही खाली काढला आणि पोरांना सांगितलं की एकदा पुन्हा तपासून पाहू. मंगल कार्यालयाचं लग्न नसेल त्या दिवशी.

आता पावसाळा सरला आहे. बाबा शर्टाची बटणं दोन्ही हातांनी लावतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून नीट मिटत नाहीत. गार हवेच्या दिवशी हात आखडतो, तेव्हा ते घटकाभर चिडचिड करतात आणि मग खुर्चीत जाऊन बसतात. विटांचा गेम सुटला. आता टेबल टेनिस चालतं, आणि त्याला दोघं लागतात. काका काटोलहून येतात तेव्हा तर विचारायलाच नको. हॉलमध्ये दोघांची अशी भांडणं होतात की शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "काय झालं वं? कोणाचं काय बिनसलं?"

मागच्या गुरुवारी व्यायामाच्या ताई शेवटच्या आल्या. त्यांनी बाबांची बोटं एकेक करून तपासली, पकड बघितली, कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "काका, आता माझी गरज नाही."

"जाता जाता एक गेम खेळून जा," बाबा म्हणाले.

ताई हसत बसल्या. त्यांना वाटलं असावं, म्हाताऱ्याचं मन राखावं. बाबांनी त्यांना अकरा-तीनने हरवलं. ताईंनी ओढणी खोचून घेतली आणि म्हणाल्या, "पुन्हा." दुसरा डाव अकरा-सात झाला. एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पुढचे पेशंट वाट बघत होते.

"हो काका, निघालेच," ताई फोनवर म्हणाल्या आणि डोळे टीव्हीवरून न काढता पुढे म्हणाल्या, "पंधरा मिनिटांत पोचते."

बाबांनी सर्व्हिस केली.